स्पॅनिशची खरड छाटणी

शनिवार, २ ऑगस्ट. दोन दिवस उघडीप आहे, म्हणून आज बुरशीसाठी बोर्डोचा फवारा मारायचं ठरवलं. मोरचूद काल संध्याकाळीच प्लास्टिकच्या पिंपात भिजत घातला होता. सकाळी चुना विरवला, जुन्या सुती साडीच्या दुहेरी फडक्यातून गाळला आणि मग निळं पाणी त्या चुन्यात बारीक धारेनं सोडत काठीनं ढवळत राहिले. विळा बुडवून बघितला. पात्यावर तांबूस चढलं नाही, म्हणजे चुना बरोबर पडला. रंग असा सुरेख आभाळी येतो की दरवर्षी वाटतं, या रंगाची एक साडी घ्यावी. मग वास येतो आणि विचार जातो.

बोर्डोची एक गोष्ट मला आवडते. ज्या दिवशी केलं त्याच दिवशी मारायचं. उद्यावर ठेवलं तर फुकट जातं. माझ्या डोक्यातला दुसरा विषय मात्र मी गेला आठवडाभर पिंपात तसाच ठेवलाय. साताऱ्याच्या विद्यापीठात मला स्पॅनिशच्या कुठल्या वर्गात बसायचं आहे, हे उद्या सकाळी वर्ग सुरू व्हायच्या आत सांगायचं आहे. पहिली पातळी, दुसरी की तिसरी. वय एकोणपन्नास, गाव तासगावच्या अंगाचं, शिक्षण बारावी. वाचणाऱ्यानं हसून घ्यावं. मीही हसले होते.

लोकांना वाटतं शेतकऱ्याला ऑगस्टमध्ये उसंत नसते. ऊसवाल्यांचं मला माहीत नाही. द्राक्षवाल्याला असेल तर याच दिवसांत थोडी असते. एप्रिलची छाटणी झालेली असते, ऑक्टोबरची यायची असते. वेल आपल्या काड्या पिकवत असतो. मध्ये शेंडे मारायचे, फवारे मारायचे आणि पानाखाली पांढरं दिसतंय का ते वाकून बघायचं. शनिवार-रविवारी साताऱ्याला जाऊन काही शिकायचं असेल तर ते आत्ताच. म्हणून हा ऑगस्ट. आणि ऑगस्टमध्ये उभी राहून मी सारखा आठवतेय तो बऱ्याच वर्षांपूर्वीचा एप्रिल.

त्या एप्रिलमध्ये रामिरो पहिल्यांदा आला. आमच्या द्राक्ष बागायतदारांच्या गटानं चिलीहून एक तज्ज्ञ बोलावला होता. त्याच्या देशातला हंगाम एप्रिलला उरकतो, म्हणून तो एप्रिलमध्ये आला, आणि आमच्याकडे एप्रिलमध्ये काय असतं ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच्याबरोबर पुण्याहून एक दुभाषा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या दुभाष्याला ऊन लागलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तो गेला. रामिरोला इंग्रजीत दोनच गोष्टी येत होत्या, ‘ओके’ आणि ‘नो ओके’. माझं इंग्रजी त्याहून जरा बरं होतं, पण ते वापरायला समोर कुणी नव्हतं. आमचे हे तेव्हा फौजेत, पोस्टिंग लांब. बाग माझ्याकडे, बायकांची टोळी माझ्याकडे, म्हणून पाहुणाही माझ्याकडे आला.

खरड छाटणी ज्यानं पाहिली नसेल त्याला ती क्रूर वाटते. द्राक्षं उतरवून झालेली असतात, वेल अजून हिरवागार असतो, मांडवाखाली गारवा असतो. आणि आम्ही कात्र्या घेऊन जातो आणि एकेक डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, राखून सगळं खाली उतरवतो. दिवस मावळेपर्यंत बागेत नुसते खुंट उरतात. आमच्याकडे बर्फ पडत नाही, कडाका नसतो. वेल आपणहून झोपत नाही, त्याला झोपवावं लागतं. मग तो नव्यानं फुटतो, आणि त्या नव्या काडीच्या डोळ्यात उन्हाळ्यातच घड तयार होतो. दिसतो मात्र ऑक्टोबरची छाटणी झाल्यावर. चिलीत हिवाळाच हे काम करून देतो. तिथे वर्षातून एकदा छाटतात.

तर रामिरो सकाळी टोपी घालून बागेत आला आणि त्यानं बघितलं की बारा-पंधरा बायका मिळून एक उत्तम, निरोगी बाग उभीच्या उभी कापून काढताहेत. तो ओरडत धावला. “नो कोर्ते! नो कोर्ते!” आणि एका वेलासमोर हात पसरून उभा राहिला.

टोळीची म्होरकी हौसाक्का. तिनं कात्री खाली केली आणि मला हाक मारली, “आवं वैनी, हिकडं या. ह्यो बाबा येलाला मिठी मारून हुबा ऱ्हायलाय. आता येल छाटायचा का ह्येला?”

बायका इतक्या हसल्या की दोघी खाली बसल्या. तो रागानं लाल झालेला, आणि मग त्याला काय वाटलं कोण जाणे, तोही हसायला लागला. पण हात काही खाली घेईना. मला हिवाळा आणि झोप आणि डोळ्यातला घड हे सगळं कुठल्याच भाषेत सांगता येणार नव्हतं. मी त्याच्या दंडाला धरून त्याला बाजूला नेलं, तीन ओळी दाखवल्या, त्यांना हौसाक्काच्या जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या बांधल्या आणि खुणेनं सांगितलं, ह्या तुझ्या, बाकीच्या माझ्या. त्यानं ओळी मोजल्या, बाग बघितली आणि म्हणाला, “ओके.”

दिवाळीनंतर तो परत आला तेव्हा माझ्या ओळींवर घड सुटलेले होते आणि त्याच्या तीन ओळींवर घडाच्या जागी बाळ्या होत्या, कानातल्यासारख्या वळलेल्या, शोभेच्या. तो एका ओळीतून गेला, दुसरीतून आला, आणि येऊन बायकांसमोर टोपी काढून उभा राहिला.

“टोपी घाला बाबा,” हौसाक्का म्हणाली, “ऊन लागंल. एक दुभाष्या गेलाय तेवढा पुरं.”

‘कोर्ता’ हा मी शिकलेला पहिला शब्द, काप. मग ‘देस्पासियो’, सावकाश. ‘एस्पेरा’, थांब. ‘ओत्रा वेस’, पुन्हा. आणि ‘असी नो’, जो सांगावाच लागला नाही, कारण त्याचा चेहरा बघून बायका म्हणायच्या, “असं नको म्हणतोय गं.” एका हंगामात ही भाषा आमच्या बागेत अशी रुळली की विरळणीच्या वेळी एखादी नवी पोरगी घाईघाईनं मणी काढायला लागली की मांडवाच्या त्या टोकाहून आवाज यायचा, “ए भवाने, देस्पासियो! घड हाय तो, मक्याचं कणीस न्हवं!” शेजारच्या बागेतल्या बायका विचारायच्या, ही कुठली भाषा गं? आमच्या बायका सांगायच्या, फॉरेनची.

रामिरो खेड्यातला. त्याचं बोलणंही खेड्यातलं. शब्दाच्या शेवटी ‘स’ आला की त्याच्या तोंडून ‘ह’ निघायचा. रासिमोस म्हणजे घड, तो म्हणायचा रासिमोह. पुढे मला कळलं की तिकडे सगळे असंच बोलतात. आम्ही इकडे नको तिथे ‘ह’ गाळतो, आमी म्हणतो, तुमी म्हणतो. आमचे गाळलेले ‘ह’ गोळा होऊन जहाजानं चिलीला जात असावेत, एरवी इतके ते आणतात कुठून? त्यामुळे तो बोलायला लागला की मला परकं वाटायचं नाही. कुणीतरी खटाव तालुक्यातला माणूस तोंडात सुपारी धरून बोलतोय असं वाटायचं. खटाव माझं माहेर, वडूजच्या पलीकडे. तिथे बाजरी आणि मटकी. द्राक्ष फक्त बाजारात बघितलेलं. लग्न होऊन इकडे आले तेव्हा पहिलं वर्षभर मी बागेत छाटलेल्या काड्या गोळा करायचं काम केलं. कात्री हातात दुसऱ्या वर्षी मिळाली. तेव्हा मला त्याचा राग आला होता. नंतर कळलं की वर्षभर काड्या उचलणाऱ्या हाताला कुठली काडी चांगली, ते बघावं लागत नाही.

रामिरो पुढे आठ-नऊ वर्षं येत राहिला. पॅकहाउसच्या वरच्या खोलीत राहायचा. भाकरी आवडायची, ठेचा आवडतो म्हणायचा आणि डोळे पुसायचा. मला ‘हेफा’ म्हणायचा. त्याचा अर्थ मालकीण, मुकादमीण, जे काय म्हणाल ते. माझी हरकत नव्हती. गावात मला वैनी म्हणतात, मुलगी मुक्ता आई म्हणते, हे ‘अगं’ म्हणतात, बँकेत ‘मॅडम, इथे सही’ म्हणतात. त्यात एक हेफा.

त्याची बायको एल्सा कधी आली नाही. पण मी तिच्यासाठी दरवर्षी बेदाणे आणि साबुदाण्याचे पापड पाठवायची आणि ती आमच्यासाठी लोकरीचे मोजे पाठवायची. तासगावच्या उन्हात लोकरीचे मोजे! हे फौजेतून निवृत्त होऊन आले तेव्हा त्यांनी ते मोजे बघितले आणि पार गंभीर झाले. “हे मला बर्फात पाहिजे होते,” म्हणाले. “बाईला आधी सांगायचंस.” आता डिसेंबरात पहाटे पाणी धरायला जाताना घालतात. टाचेला भोक पडलंय, रफू केलंय. टाकत नाहीत.

गुडघे गेल्यापासून रामिरोचं येणं थांबलं. फोनवर आवाज पाठवतो, मी उत्तर पाठवते. बागेचं काहीही विचारा, आमचं अडत नाही. भुरी, डाऊनी, पाणी, खत, पाऊस. दोन वर्षांपूर्वी एल्सा गेली. मुलाच्या फोनवरून त्यानं मला फोन लावला. पहिल्यांदाच आम्ही फोनवर थेट बोलत होतो, मागे माणसांचे आवाज येत होते. त्यानं सांगितलं. आणि माझ्याजवळ शब्दच नव्हता. काप, थांब, उचल, पाणी सोड, असं नको, पुन्हा. यातला कुठला शब्द बायको गेलेल्या माणसाला सांगायचा? मी म्हणाले, “देस्पासियो, रामिरो. देस्पासियो.” सावकाश. तो म्हणाला, “सी, हेफा.” मग आम्ही दोघं फोन धरून बसलो. मला ते पटलं नाही. त्याला बरं वाटलं असेल, पण मला पटलं नाही. इतकी वर्षं एका माणसाबरोबर काम केलं आणि त्याच्याशी बोलायला माझ्याकडे नुसती हुकुमांची थैली.

मुक्ता साताऱ्यात बीएस्सी करते. तिनं जूनमध्ये सांगितलं, “आई, आमच्या विद्यापीठात स्पॅनिश सुरू झालंय. शनिवार-रविवार. बाहेरच्यांनाही बसता येतं. वयाची अट नाही, मी विचारलं.” वयाची अट तिनं विचारली हे मी लक्षात ठेवलंय.

आधी चाचणी. कोण कुठल्या पातळीवर बसेल ते ठरवायला. मागच्या रविवारी गेले. खोलीत सगळी अठरा-वीस वर्षांची पोरं, बरीचशी मोबाइलवरून शिकून आलेली. एक मुलगा मला पालक समजून म्हणाला, “काकू, पालकांना बाहेर बसायचंय.” मी म्हटलं, “पालक बाहेरच बसलाय.” खरंच, मुक्ता बाहेर कठड्यावर बसून नखं खात होती.

शिकवणाऱ्या केतकी मॅडम तिशीच्या असतील. स्पेनमध्ये दोन वर्षं राहून आल्यात. बोलणं गोड आणि नजर चाळणीसारखी. त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, “कोमो ते यामास?”

मला काही कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, सावकाश. मला पुन्हा कळलं नाही. सगळ्यात सोपा प्रश्न होता म्हणे, तुमचं नाव काय. पण ते मला रामिरोनं कधी विचारलं नव्हतं आणि मीही त्याला कधी सांगितलं नव्हतं. मॅडमनी कागदावर काहीतरी टिपलं आणि समजुतीच्या सुरात मराठीत म्हणाल्या, “हरकत नाही. तुम्ही काय करता?”

“द्राक्षबाग.”

“मग त्याबद्दल बोला. येईल तेवढं.”

येईल तेवढं म्हटल्यावर मी सुरू केलं. वेल, काडी, डोळा, फूट. पाऊस पडला आणि उघडला तर पानाखाली काय येतं. ते आलं तर काय मारायचं, नाही आलं तरी काय मारायचं. घड विरळ कसा करायचा, वरून किती, खांद्याला किती. मध्येच चहा आला, तो गार झाला. मॅडमनी पेन खाली ठेवलं होतं. मी थांबले तेव्हा त्या हसू दाबत म्हणाल्या, “काकू, तुम्ही चिलीतल्या एखाद्या मुकादमासारखं बोलता. आणि मला आत्ता तुम्ही तीन वेळा कात्री खाली ठेवायला सांगितलीत.”

“ठेवलीत ना?” मी म्हटलं.

मग लेखी. त्यात शेवटी श्रुतलेखन होतं, मॅडम वाचणार आणि आपण लिहायचं. बाकीच्या कागदाकडे मी बघितलंही नाही, ती अक्षरं इंग्रजी आणि शब्द अनोळखी. पण श्रुतलेखन मला येत होतं. मॅडम वाचत गेल्या, मी लिहीत गेले, एक शब्द सोडला नाही. कागद दिला. मॅडमनी तो घेतला, उलटा केला, सुलटा केला. मी सगळं देवनागरीत लिहिलं होतं.

आता मला हसू येतं, तेव्हा आलं नाही. भाषा माझ्या कानातून आली होती, हातातून कधी गेलीच नव्हती. लिहायचं म्हटल्यावर हातानं स्वतःची लिपी काढली. मॅडमनी माझा कागद तिथल्या तिथे मोठ्यानं वाचला. “एकही चूक नाही,” त्या म्हणाल्या. “फक्त मी जिथे ‘स’ म्हटलं तिथे तुम्ही ‘ह’ लिहिलाय.” रामिरो आठशे पानांच्या पुस्तकासारखा माझ्या कानात बसला होता, त्याला मी काय करणार?

मग त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. बोलण्यात तिसरी पातळी, त्याहीपुढे. लिहिण्यावाचण्यात पहिलीच्या दाराबाहेर. “विभागाचं म्हणणं, सरासरी काढून दुसरीत बसवावं. मला खात्री नाही. पहिलीत तुम्हाला कंटाळा येईल, तिसरीत कागद बघून धाप लागेल. तुम्हीच ठरवा. पुढच्या रविवारी वर्ग सुरू होतील, त्याआधी सांगा.”

सरासरी या शब्दापाशी माझं मन अडलं. एका घडात वरचे मणी पिकलेले आणि खालचे हिरवे असले, तर तो मध्यम पिकलेला घड नसतो. पॅकहाउसमध्ये तो बाजूला काढतात.

तरीही दुसरीत बसायला एक मोठं कारण होतं. चिलीत जुलैत छाटणी असते. रामिरोच्या भागातल्या बागायतदारांनी आमच्या गटाला कळवलंय, एक माणूस पाठवा, हंगामभर आमच्यात राहू दे, आमचं बघू दे, त्याचं आम्हाला सांगू दे. अट एकच, स्पॅनिशची दुसरी पातळी पुरी केलेली पाहिजे. दुसरीत बसले तर मेमध्ये दाखला मिळतो आणि जुलैत विमान. पहिलीत बसले तर एक वर्ष पुढे. आणि रामिरो थकलाय. ह्या वर्षी छाटणीला खुर्ची टाकून बसला होता, असं त्याचा मुलगा सांगत होता. मला त्याची बाग बघायची आहे, तो तिथे खुर्चीत बसलेला असताना. बाकी विमानाचं मला काही विशेष नाही.

आठवडाभर प्रत्येकानं मला सल्ला दिला. गटाचे अध्यक्ष तात्या फोनवर म्हणाले, “वैनी, दाखला मिळतोय न्हवं? मग दुसरी घ्या की. न्हाईतर माझा पुतण्या तयार हाय, पर त्येला इंग्लिशबी धड येत न्हाई आन् द्राक्षबी.” मुक्ता म्हणाली, “तिसरी घे! मी सगळ्या होस्टेलला सांगितलंय.” आमचे सुभेदार सकाळी दाढी करताना आरशातच बघत म्हणाले, “दुसरी. चालून आलेली मोहीम सोडायची नसते. लिहायचं काय, रट्टा मारायचा.” आणि हौसाक्का तर चिडलीच. “मुकादमिणीनं पैलीत बसायचं? ल्हान पोरांत? मग आमी कशाला शिकलो म्हनायचं ती भाषा? तिसरीच घ्या. आन् मला त्या देशाला कवा नेनार?”

“गुडघे कसे आहेत ते सांग आधी.”

“गुडघ्यावर थोडीच जायाचं हाय? इमानानं जायाचं.”

म्हणजे पहिली घे असं म्हणणारं जगात एकही माणूस नव्हतं. हे मला बरं वाटलं. सगळ्यांचं एकमत झालं की मला स्वच्छ विचार करता येतो.

दुपारपर्यंत फवारा उरकला. हे ट्रॅक्टरवर होते, मी टोकाला उभी राहून नोझल बघत होते. अर्ध्या बागेवर निळसर झाक आली. नंतर पिंप धुतलं, फडकं धुऊन वाळत घातलं, हात लिंबानं चोळले तरी नखांत निळं राहिलंच. मग मांडवाखालून एक फेरी मारली. काड्या पिकायला लागल्यात, खालून तपकिरी होत वर चढताहेत. एप्रिलमध्ये इथे खुंट होते. तेव्हा नवीन माणसानं बघितलं असतं तर हळहळला असता. आत्ता ह्या काडीच्या डोळ्यात घड आहेत. दिसत नाहीत. मला माहीत आहे की आहेत.

दुसरीत बसले तर काय होईल ते मी स्पष्ट बघू शकते. मी पास होईन. रट्टा मारून होईन. जुलैत जाईन आणि रामिरोच्या अंगणात उभी राहून त्याच्या सुनेला सांगेन, काप, थांब, पुन्हा. ती म्हणेल, ही बाई बागेत ठीक आहे. संध्याकाळी जेवायला सगळे बसतील आणि मी परत गप्प. एल्साच्या फोटोसमोर उभी राहून मी काय म्हणणार? सावकाश? माझ्या ह्या वेलाला वर भरपूर पाला आहे. मांडव भरून टाकलाय, बघणाऱ्याला वाटतं काय बाग आहे! पण त्यावर बाळ्या लागतील. हे मला कुणी सांगायला नको, तीन ओळींना चिंध्या मीच बांधल्या होत्या.

आणि रामिरो? तो वर्षभर थांबेल का, हा प्रश्न राहतोच. तो मी सोडवू शकत नाही. पण द्राक्षवाल्या माणसाला मी ओळखते. पुढच्या हंगामाचं बोलल्याशिवाय त्याला जेवण जात नाही.

दिवे लागायच्या वेळी त्याला आवाज पाठवला. तिकडे तेव्हा सकाळ असते, खुर्ची अंगणात टाकलेली असते. मला येत होतं तेवढ्यात सांगितलं. शाळा. मी. पहिली. येत्या जुलैत नाही, त्यापुढच्या. थांब. मग तात्यांना फोन करून सांगितलं, ह्या वर्षी पुतण्याला बघा. ते म्हणाले, “वैनी, दाखला आधी काढायचा, भाषा मागनं येती.” मी म्हटलं, “तुमच्या बागेत बाळ्या का लागतात ते आज कळलं, तात्या.” ते हसले, पण जरा उशिरा हसले. मग यांना सांगितलं. ते उठून गेले आणि कपाटातून मोजे काढून आणले. “पहाटेच्या एसटीत गार लागतं,” म्हणाले. ऑगस्टमध्ये.

रविवार, ३ ऑगस्ट. सकाळी पहिली एसटी पकडली. कराडला गाडी बदलायला उतरले तेव्हा फोन वाजला. रामिरोनं पाठवलेला आवाज. स्टँडवर इतका गोंगाट होता की फोन कानाला लावून उपयोग नव्हता, मोठ्या आवाजावर लावला. आधी नुसतं हसू, खोकल्यापर्यंत गेलेलं. मग, “खरादा, हेफा? खरादा!” म्हणजे खरड. हा एकच मराठी शब्द त्याला येतो, आणि तो कुठे वापरायचा ते बरोबर येतं. मग म्हणाला, “असी सी.” असंच. आणि शेवटी एक वाक्य, ज्यात माझाच रोजचा शब्द होता. मी बायकांना ओरडून सांगते, थांब. तो म्हणाला, थांबतो. शेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांनी विचारलं, “कुनाचा फोन?” मी म्हटलं, “गुरुजींचा.”

साताऱ्यात पोचले तेव्हा वर्ग भरत होता. मॅडम दारात होत्या. मी म्हटलं, “पहिली.” त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि बाजूला झाल्या. मुक्ता लांबून बघत होती. तिनं कपाळाला हात लावला, मग तोच हात हलवला. मी पुढच्या बाकावर बसले. मागच्या रविवारी मला बाहेर घालवणारा मुलगा शेजारीच होता. त्यानं दप्तर उचलून जागा केली आणि माझ्या निळ्या नखांकडे बघत राहिला.

मॅडमनी फळ्यावर एक ओळ लिहिली आणि पहिल्या बाकापासून सुरुवात केली. माझ्यासमोर येऊन थांबल्या. “कोमो ते यामास?”

आता मला प्रश्न कळत होता. उत्तर फळ्यावर होतं, त्यापुढे जागा सोडलेली होती. मी उभी राहिले. “मे यामो शालन,” मी म्हणाले. आवाज बागेतला नव्हता, बारीक निघाला.

“ओत्रा वेस,” मॅडम म्हणाल्या.

मी पुन्हा सांगितलं, मांडवाच्या त्या टोकाला ऐकू जाईल असं.